बोट आधी की गाडी आधी? टांगानिका तलाव आणि ओझ्याचं गणित

तुमच्याकडे साडेचार टन वजनाची, चाळीस फूट लांबीची एक लाकडी बोट आहे. ती समुद्रात नको आहे, खंडाच्या मधोमध असलेल्या एका तलावात हवी आहे. वाटेत जंगल आहे, साधारण १,८०० मीटर उंचीचं डोंगराळ पठार आहे आणि रस्ता असा नाहीच. आता सांगा, आधी बोट निवडाल की आधी ती वाहून नेणारी गाडी?

बहुतेक जण आधी बोट निवडतात. आजही हौशी बोटवाले तेच करतात: बोट आवडली, घेतली, मग तिच्यासाठी ट्रेलर शोधायला निघाले. तो ट्रेलर ओढणारी मोटार तर आधीपासून दारात उभी असते, तिचा विचार शेवटी. अपघात होतात ते बऱ्याचदा या उलट्या क्रमामुळे.

मी जड वस्तूंच्या वाहतुकीच्या इतिहासावर पीएचडी करतेय. एमएस्सीला फिजिक्स होतं, त्यामुळे कागदपत्रं वाचताना मनात आधी वजनं आणि उतार येतात, राजे-सेनापती नंतर. या लेखात मी तुम्हाला मध्य आफ्रिकेतल्या टांगानिका तलावावर नेणार आहे. साडेसहाशे किलोमीटरहून लांब असलेल्या या तलावावर साठेक वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी जमिनीवरून बोटी नेल्या, किंवा न्यायचा प्रयत्न केला. प्रत्येकाने ‘ओझं आणि ओझं वाहणारा यांची जोडी कशी जुळवायची’ या प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं. ती ओळीने ठेवली की आजच्या ट्रेलरचे नियम आपोआप समजतात.

पण आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, बैलगाडीवरच भागेल.

उलाळ गाडी

गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली असेल तर ‘उलाळ’ हा शब्द कानावरून गेला असेल. गाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की पुढची दांडी वर उचलायला लागते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. ती गाडी उलाळ झाली. उलट सगळं ओझं पुढे रचलं तर जू मानेत रुततं आणि बैल लवकर थकतात. जाणता गाडीवान पोती अशी लावतो की ओझ्याचा मध्य आखाच्या जरासा पुढे येतो. मानेवर थोडा भार राहतो, पण थोडाच.

दोन चाकांच्या ट्रेलरला हेच लागू होतं. ट्रेलरची दांडी मोटारीच्या मागच्या हिचवर टेकते, आणि तिथे एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा भार पडावा असा ढोबळ नियम आहे. नेमका आकडा ट्रेलर आणि मोटार बनवणारे देतात. भार फार जास्त झाला तर मोटारीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही कमजोर पडतात. उसाची ट्रॉली ओढताना चढावर पुढची चाकं उचललेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिलाच असेल. भार फार कमी झाला, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, तर दुसरं संकट येतं. वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. एका ठरावीक वेगाच्या खाली हा झोल आपोआप विरतो. त्या वेगाच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलर मोटारीलाच घेऊन आडवा होतो. ओझं जितकं मागे, तितका हा धोक्याचा वेग खाली येतो.

बैलगाडी त्या वेगाने कधी धावतच नाही, म्हणून गाडीवानाला फक्त मानेची काळजी असते. तत्त्व मात्र तेच.

१८५७: मागे राहिलेली बोट

पहिली गोष्ट मुंबईतून सुरू होते. रिचर्ड बर्टन हा मुंबई सैन्यातला अधिकारी. तो आणि जॉन स्पीक डिसेंबर १८५६ मध्ये मुंबईहून झांझिबारला निघाले. आफ्रिकेच्या पोटात एक मोठा तलाव आहे असं अरब व्यापारी सांगत, तो शोधायचा होता. तलावावर फिरायला म्हणून बर्टनने सुटे भाग करता येणारी लोखंडी बोट सोबत घेतली. तिचं नाव ‘लुईसा’.

बोट चांगली होती. पण आफ्रिकेच्या त्या भागात गाडी नव्हती, कारण त्सेत्से माशीमुळे बैल-घोडे जगत नसत. जे जायचं ते माणसाच्या डोक्यावरून. मोहिमेला पुरेसे हमाल मिळेनात, आणि शेवटी ‘लुईसा’ किनाऱ्यालाच राहिली.

फेब्रुवारी १८५८ मध्ये दोघं टांगानिकाच्या काठी पोहोचले, पण हातात बोट नाही. स्थानिक लोकांच्या ओंडके कोरून केलेल्या होड्यांवर अवलंबून राहावं लागलं. उत्तर टोकाला रुसिझी नावाची नदी आहे. ती तलावातून बाहेर पडते की तलावात येते, यावर ‘नाईल इथून निघते का’ हा त्या काळातला सगळ्यात मोठा भौगोलिक प्रश्न अडला होता. बर्टन आणि स्पीक उविरापर्यंत गेले, पण मुखापर्यंत जाता आलं नाही. नदी तलावात येते असं लोकांनी सांगितलं, डोळ्यांनी बघणं राहून गेलं. ते १८७१ मध्ये लिव्हिंगस्टन आणि स्टॅनली यांनी केलं. एका बोटीचं ओझं वाहकांशी जुळलं नाही, आणि एक वाद तेरा वर्षं लांबला.

१८७४: कापावी लागलेली बोट

स्टॅनली पुन्हा आला तेव्हा त्याने हा धडा घेतला होता. नव्या मोहिमेसाठी त्याने इंग्लंडमध्ये ‘लेडी अॅलिस’ नावाची चाळीस फुटी बोट मुद्दाम पाच तुकड्यांत बनवून घेतली. कल्पना अशी की प्रत्येक तुकडा हमालांच्या खांद्यावर जाईल आणि तलाव आला की सगळे जोडायचे.

झांझिबारला बोट पोहोचली आणि तुकडे तोलले, तर एकेक तुकडा २८० पौंडांच्या आसपास निघाला. म्हणजे सव्वाशे किलोहून जास्त, अरुंद पायवाटेवर. मागितलेल्या वजनाच्या दुपटीहून अधिक. तिथल्याच एका सुताराकडून ते तुकडे पुन्हा कापून लहान करावे लागले.

हा प्रसंग मला फार आवडतो, कारण आजही तसंच होतं. कागदावर लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत फरक असतो. स्टॅनलीने निघण्याआधी तोलून पाहिलं म्हणून तो सुटला. कापलेल्या ‘लेडी अॅलिस’मधून त्याने १८७६ मध्ये टांगानिकाची पूर्ण प्रदक्षिणा केली.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. किनाऱ्यावरून साडेतीनशेहून थोडी जास्त माणसं निघाली. १८७७ मध्ये खंडाच्या पलीकडे पोहोचली त्यांची संख्या जेमतेम एक तृतीयांश होती. बाकीचे रोगराई, उपासमार, लढाया, बुडणं यांत गेले किंवा वाटेत सोडून गेले. माणसालाच गाडी केलं की तुटफूट माणसाचीच होते.

१९१३: पाच हजार खोक्यांतलं जहाज

आता जर्मनांचं उत्तर. तलावाचा पूर्व किनारा जर्मन पूर्व आफ्रिकेत होता. त्यांना तिथे छोटी होडी नको होती, सत्तरेक मीटर लांबीचं मोठं जहाज हवं होतं. पापेनबुर्गच्या मायर गोदीत ‘ग्राफ फॉन ग्योट्झन’ १९१३ मध्ये पूर्ण जोडलं गेलं, तपासलं गेलं आणि मग परत सुटं केलं गेलं. पाच हजार खोकी भरली. समुद्रमार्गे दार-एस-सलाम, तिथून नव्या रेल्वेने किगोमाच्या दिशेने. गोदीतले तीन कारागीर जर्मनीहून सोबत आले आणि तलावाच्या काठी जहाज पुन्हा रिव्हेट मारून उभं केलं. फेब्रुवारी १९१५ मध्ये ते पाण्यात उतरलं.

हीच पद्धत त्याआधी पन्नास वर्षं पेरूमधल्या टिटिकाका तलावासाठी वापरली होती. ‘यावारी’ हे जहाज १८६० च्या दशकात इंग्लंडमधून २,७६६ भागांत पाठवलं गेलं. एकही भाग साडेतीन हंड्रेडवेटपेक्षा, म्हणजे सुमारे पावणेदोनशे किलोंपेक्षा, जड नको अशी अट होती. का? कारण अँडीजच्या वाटेवर एक खेचर त्याहून जास्त उचलू शकत नाही. म्हणजे जहाजाचा आराखडा खेचराच्या पाठीवरून ठरला. इंजिनिअरिंगच्या इतिहासात मला याहून प्रामाणिक आराखडा क्वचितच सापडला. वेळ मात्र भरपूर लागला: ‘यावारी’ तलावात उतरली ती १८७० च्या ख्रिसमसला.

सुटे भाग करण्याची किंमत म्हणजे वेळ आणि काठावरची गोदी. युद्धात दोन्ही महाग.

१९१५: अख्खी बोट, चाकांवर

आणि १९१५ मध्ये युद्धच चालू होतं. (याच पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेसाठी ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून भारतीय फौज निघाली होती. नोव्हेंबरात तांगाला तिचा पराभव झाला.) टांगानिकावर जर्मनांचा पूर्ण ताबा होता. पश्चिम काठावर बेल्जियन काँगो, पण त्यांची स्टीमर जर्मनांनी सुरुवातीलाच निकामी केलेली.

एप्रिल १९१५ मध्ये जॉन ली नावाच्या शिकाऱ्याने लंडनमध्ये ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयात एक कल्पना मांडली. मोठं जहाज नेण्याच्या भानगडीत पडू नका. दोन लहान, वेगवान मोटारबोटी अख्ख्याच्या अख्ख्या न्या. म्हणजे बोट निवडतानाच रस्ता आणि गाडी यांचा विचार झाला होता. माझ्या मते या मोहिमेचं यश इथेच ठरलं.

थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने युद्धाआधी ग्रीकांसाठी बांधलेल्या दोन चाळीस फुटी बोटी निवडल्या गेल्या. प्रत्येकी वजन सुमारे साडेचार टन. पुढे तीन पौंडी तोफ, मागे मॅक्सिम मशीनगन. मोहिमेचा प्रमुख जेफ्री स्पायसर-सिमसन जरा विक्षिप्तच. त्याने नावं सुचवली ‘कॅट’ आणि ‘डॉग’. ती नामंजूर झाली, तर त्याने ‘मिमी’ आणि ‘तूतू’ ठेवली, म्हणजे फ्रेंच बाळबोलीतली म्याऊ आणि भूभू.

बोटींसाठी खास पाळणे आणि ट्रेलर बनवले गेले. पाळणा म्हणजे बोटीच्या तळाच्या आकाराची चौकट. ती जहाजाच्या डेकवर, रेल्वेच्या सपाट वाघिणीवर आणि रस्त्यावरच्या चाकांवर, सगळीकडे बोटीखाली राहू शकते.

पाळणा इतका का महत्त्वाचा? पाण्यात बोटीला सगळीकडून सारखा आधार असतो. तळाच्या प्रत्येक इंचाला पाणी उचलून धरतं. जमिनीवर आणली की तेच वजन मोजक्या आधारांवर येतं. आधार चुकीच्या जागी असले तर खड्ड्यातल्या प्रत्येक आदळीबरोबर तळाच्या फळ्या आत दबतात, सांधे सुटतात. इंजिनाखाली आधार नसेल तर मागचं अंग हळूहळू खाली झुकतं. अशी बोट रस्त्यावर धडधाकट दिसते आणि पाण्यात उतरल्यावर गळायला लागते. आजच्या ट्रेलरवर लांब लाकडी पट्ट्या किंवा रबरी रोलर असतात ते यासाठीच, आणि ते बोटीच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचले पाहिजेत, कारण इंजिनाचं वजन तिथे असतं.

१५ जून १९१५ ला बोटी इंग्लंडहून निघाल्या. केपटाऊनहून रेल्वेने साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त उत्तरेला, बेल्जियन काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत. तिथे रूळ संपले. पुढचा रूळ सांकिसियाला, १४६ मैलांवर. मध्ये मितुंबा पर्वत.

ओढायला दोन वाफेची ट्रॅक्शन एंजिनं आणि बैलांच्या जोड्या. इथे एक गंमत बघा. अशी एंजिनं सहसा दहा टनांच्या आसपास किंवा त्याहून जड असत. म्हणजे ओझ्यापेक्षा ओढणाराच दुप्पट जड! वाटेतले नाले ओलांडायला शंभरहून अधिक पूल बांधावे लागले, आणि ते बोटीच्या नाही, एंजिनाच्या वजनाला पुरतील असे हवे होते. ट्रेलर जुळवताना आपण बोट आणि ट्रेलर एवढंच बघतो. पण तिसरा गडी ओढणारा असतो आणि चौथी जमीन. चौघांचं एकमेकांशी जमावं लागतं.

आता चढाचा हिशेब करून बघू. समजा पाचास एक असा चढ आहे, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. साडेचार टनाला नुसतं चढवायला सुमारे नऊशे किलोंइतकी ओढ लागते. भुसभुशीत मातीत चाकं रुततात, त्याची आणखी तेवढीच ओढ धरा. झाली अठराशे. चारशे किलोंचा बैल दिवसभर टिकेल अशी ओढ साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी देतो, म्हणजे चाळीस किलो. भागाकार केला तर पंचेचाळीस बैल येतात. थोड्या वेळासाठी बैल याच्या कितीतरी पट जोर लावतो, म्हणून प्रत्यक्षात कमी जोड्यांवर भागतं. पण एंजिन घसरलं की डझनांनी बैल का जुंपावे लागत आणि खड्या चढांवर दोरखंड व विंच का वापरावे लागले, ते या आकड्यांतून दिसतं.

उतार तर चढापेक्षा वाईट. चढावर ओझं मागे ओढतं, उतारावर पुढच्याला ढकलतं. ढकलणाऱ्या ओझ्याला स्वतःचा ब्रेक नसेल तर सगळा भार ओढणाऱ्याच्या ब्रेकवर. आपल्याकडे घाटात गाडीवान उतरून चाकाला लाकडाची अडण लावायचे ती यासाठीच. आज अनेक देशांत ठरावीक वजनावरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ती मर्यादा देशागणिक बदलते, कारण तेच राहतं.

वाफेच्या एंजिनाला पाणीही लागतं, आणि तो कोरडा मोसम होता. आसपासच्या गावांतल्या बायकांनी डोक्यावर मडकी घेऊन मैलोनमैल पाणी आणलं. रस्ता साफ करायला, पूल बांधायला शेकडो स्थानिक मजूर होते. तरी सप्टेंबरच्या अखेरीस, दीड-दोन महिन्यांत, बोटी सांकिसियाला पोहोचल्या. पुढे थोडी रेल्वे, मग लुआलाबा नदी. तिथे पाणी इतकं कमी की बोटींना रिकामी पिंपं बांधून उचलून घ्यावं लागलं. मग पुन्हा रेल्वे, आणि ऑक्टोबरअखेर टांगानिका.

डिसेंबर १९१५ च्या शेवटी दोन्ही बोटी पाण्यात उतरल्या. २६ डिसेंबरला त्यांनी ‘किंगानी’ ही जर्मन बोट पकडली, ९ फेब्रुवारी १९१६ ला ‘हेडविग फॉन विसमान’ बुडवली. हजारो किलोमीटर वाहून आणलेल्या बोटी पहिल्याच झटापटीला धावण्याजोग्या होत्या, हे त्या पाळण्यांचं श्रेय.

‘ग्योट्झन’चं काय झालं? जुलै १९१६ मध्ये माघार घेताना जर्मनांनीच ती मुद्दाम बुडवली. १९२४ मध्ये ब्रिटिशांनी वर काढली, आणि १९२७ पासून ‘लिएम्बा’ या नावाने ती त्याच तलावावर प्रवासी नेऊ लागली. खोक्यांतून आलेलं जहाज सगळ्यांहून जास्त टिकलं. सुटे भाग करण्याची पद्धत चूक होती असं म्हणता येत नाही ते म्हणूनच. ज्याच्याकडे वेळ होता त्याच्यासाठी ती बरोबर होती.

मग आज ट्रेलर कसा जुळवायचा?

या सगळ्यातून निघणारा क्रम असा:

१. बोट तोला, माहितीपत्रक वाचू नका. माहितीपत्रकातलं वजन बहुधा कोरड्या बोटीचं असतं. इंधन, बॅटरी, नांगर, दोर, कधीकधी इंजिनसुद्धा त्यात नसतं. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे पंचाहत्तरेक किलो. स्टॅनलीचे २८० पौंड आठवा. वजनकाटा गावोगावी असतो.

२. ट्रेलरच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. ते वजा करून उरतं ते बोटीसाठी. तेवढंही काठोकाठ भरू नका.

३. टायर, आख, हिच आणि मोटार, प्रत्येकाची मर्यादा वेगळी. त्यांतली सगळ्यात लहान ती तुमची खरी मर्यादा.

४. आधार बोटीच्या तळाला आणि इंजिनाखाली नीट बसतायत का बघा. बोट पुढे-मागे सरकवून हिचवरचा भार जुळवा, आणि मग पट्ट्यांनी पुढून आणि मागून बांधा.

५. ट्रेलर झुलायला लागला तर वेग वाढवू नका, मोटारीचा ब्रेक करकचून दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. मग थांबून ओझं पुन्हा लावा.

आपल्याकडे हौशी बोटिंग कमी आहे, मग हे कशाला, असं वाटेल. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, पुणे-बंगळूरु महामार्ग बुडाला होता, आणि बचावाच्या बोटी दूरदूरहून आणाव्या लागत होत्या. पूर समुद्रापासून शंभर-दीडशे किलोमीटर आत येतो, तेव्हा बोट आधी रस्त्यानेच चालते. ती किती वेळात पोहोचते आणि पोहोचल्यावर गळते की तरंगते, हे गोदामात उभ्या असलेल्या ट्रेलरवर ठरलेलं असतं. आपल्या तालुक्याच्या बोटी कशावरून नेतात, टायरात हवा आहे का, बोट त्या ट्रेलरवर बसते का, हे उन्हाळ्यात विचारून ठेवायचे प्रश्न आहेत.

शेवटी एक गोष्ट, जी मला कागदपत्रांत सारखी खुपते. स्पायसर-सिमसनला पदक मिळालं, बोटींची नावं पुस्तकांत आली. रस्ता तोडणाऱ्यांची आणि पाणी वाहणाऱ्या बायकांची नावं कुठेच नाहीत. त्या युद्धात पूर्व आफ्रिकेत लढून मेलेल्या सैनिकांपेक्षा ओझी वाहून मेलेले हमाल कितीतरी जास्त होते. ओझ्याच्या गणितात ‘वाहणारा’ असा एक आकडा असतो. तो आकडा कितीदा माणूस होता, यावर पुढच्या लेखात सविस्तर लिहीन.